मेंटॉर मिळाला खरा, पण आता त्यांना विचारायचं काय?

काठावरपास

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलंय, आधीच सॉरी.

मी संख्याशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे यंदा मेंटॉरशिप स्कीम सुरू झाली, माजी विद्यार्थ्यांशी आपली जोडी लावून देतात. फॉर्म भरला, मला एक मॅडम मिळाल्या, क्लिनिकल ट्रायलचा म्हणजे औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांचा डेटा बघतात, दहाबारा वर्षांचा अनुभव. मी उड्याच मारत होते. पहिला व्हिडिओ कॉल चाळीस मिनिटं चालला, त्या बोलल्या आणि मी हो हो करत बसले. दुसऱ्या कॉलला त्यांनी विचारलं "मग, काय बोलायचं आज?" आणि माझं डोकं कोरं. काहीतरी "पुढे काय करू" असं बरळले, त्या म्हणाल्या आर (संख्याशास्त्रातली प्रोग्रामिंग भाषा) नीट शीक, एसएएसची (तसलंच दुसरं सॉफ्टवेअर) तोंडओळख करून घे, आणि पंधरावीस मिनिटांत कॉल संपला. ठेवताना म्हणाल्या "काही लागलं तर सांग". त्याला आता सात आठवडे झाले. मला काही लागलंच नाही तर काय सांगू? आणि आता एवढ्या दिवसांनी मेल टाकायचा म्हणजे अजूनच ऑकवर्ड.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच त्यामुळे हे असलं कुणाला विचारणार. वर्गातल्या काही जणांना हे सगळं आधीपासून माहीत असल्यासारखं वाटतं, एकीला तर सरांनी स्वतःहून प्रोजेक्टमध्ये घेतलं, मला आठवत नाही की मी कुठल्या सरांशी वर्गाबाहेर एक वाक्य बोललेय. तर मेंटॉर म्हणजे नक्की करतात काय, माझं हे प्रकरण पूर्ण गार पडलं का अजून धुगधुगी आहे, आणि या स्कीमशिवाय दुसरीकडे कुठे मेंटॉर मिळतात का? प्लीज "बिनधास्त विचार" एवढंच लिहू नका, बिनधास्त कसं व्हायचं तोच प्रॉब्लेम आहे.

लॅबमधला_उंदीर

गार वगैरे काही पडलेलं नाही. सात आठवडे तुला मोजून माहितेत, त्यांना बहुतेक गेल्या महिन्यात बोललो असंच वाटत असेल.

मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि हाच गाढवपणा मी दोन वर्षं केलाय म्हणून सांगतो. आपल्याला वाटतं मेंटॉर म्हणजे शिक्षक, तो विषय काढणार आणि आपण ऐकणार. तसं नसतं. गाडी आपण चालवायची, ते शेजारी बसून फार तर "इथे डावीकडे" म्हणतात. "आज काय बोलायचं" हे त्यांनी विचारलं तो त्यांचा नॉर्मल प्रश्न होता, परीक्षा नव्हती. आता मी कॉलच्या आदल्या दिवशी तीन ओळींचा मेल टाकतो, मागच्या वेळी तुम्ही अमुक सांगितलं त्यातलं एवढं केलं, इथे अडकलोय, उद्या याबद्दल बोलूया का. बास. त्यातली मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची, कुठे अडकलोय. आणि आपण खरंच काही केलं नसेल तर अडकत पण नाही, त्यामुळे विचारायला काही नसतं. तुझं तेच झालंय बघ. त्यांनी आर शिकायला सांगितलं, तू शिकलीस का?

काठावरपास

एक कोर्स सुरू केला. तिसऱ्या व्हिडिओवर आहे. 😶

लॅबमधला_उंदीर

हाहा ओके. व्हिडिओ बंद कर आणि एक खरा डेटासेट उघड. आरमध्ये सर्व्हायव्हल नावाचं पॅकेज आहे, त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांचा डेटा तयार दिलेला असतो, २२८ ओळी आहेत, एका संध्याकाळचं काम. तुझ्या मॅडमच्या कामाच्या जवळचं आहे. त्यावर काहीतरी कर आणि जिथे डोकं आपटेल तो तुझा प्रश्न.

खडूफळा

काठावरपास, मी एकोणीस वर्षं शिकवतेय, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं दोन शब्द.

वर्गातल्या त्या मुलीला सरांनी "स्वतःहून" घेतलं असं तुला दिसतंय. मला शंका आहे. बहुतेक वेळा असं होतं की एखादा विद्यार्थी तास संपल्यावर दोन मिनिटं थांबतो, पुढच्या आठवड्यात परत थांबतो, आणि सहा महिन्यांनी माझ्याकडे छोटं काम निघतं तेव्हा मला त्याचंच तोंड आठवतं. हुशार तर वर्गात वीस जण असतात. मी भेटीसाठी आठवड्याला दोन तास राखून ठेवते आणि परीक्षेच्या आधीचा आठवडा सोडला तर ते दोन तास मी एकटी चहा पीत बसते. हे ऐकून आमच्या विभागातले सगळे मान डोलावतील. पोरांना वाटतं मॅडम कामात असतील, मॅडमना वाटतं पोरांना काही विचारायचं नाही.

आता मेलबद्दल. मला येणाऱ्या मेलपैकी निम्मे "आपल्या थोर संशोधनानं मी भारावून गेलो" असे सुरू होतात आणि माझ्या कुठल्या कामानं ते कधीच सांगत नाहीत. एकदा तर खाली नाव दुसऱ्याच प्राध्यापकांचं राहून गेलं होतं. असे मेल मी उघडून बंद करते, राग नाही, पण उत्तर तरी काय देणार? याउलट एका मुलानं विचारलं होतं की तुमच्या पेपरातल्या तक्त्यात एक बेरीज जुळत नाहीये, माझं चुकतंय का. चूक माझी होती. तो मुलगा पुढे दोन उन्हाळे माझ्याकडे काम करून गेला.

आणि एकाच माणसाकडून सगळं मिळेल ही अपेक्षा सोडून दे. कॅथी क्रॅम नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात या नात्याचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांच्या मते मेंटॉर दोन वेगवेगळ्या प्रकारची कामं करतो, एक करिअरचं म्हणजे दार उघडून देणं, अवघड काम सोपवणं, आणि दुसरं मनाचं, म्हणजे "तू इथे शोभतेस" हे जाणवून देणं. दोन्ही करणारा माणूस क्वचित भेटतो. त्यांनी नात्याचे टप्पेही मांडले, त्यातला एक टप्पा वेगळं होण्याचा आहे. म्हणजे संपणं हासुद्धा त्या नात्याचाच भाग, त्याचं एवढं मनाला लावून घ्यायचं नाही. तुझं तर अजून नीट सुरूही झालेलं नाही.

शिफारसपत्राचं एक राहिलं. ते शेवटच्या वर्षी लागणार, तेव्हा मी तुला ओळखत नसेन तर मी फक्त "नियमित हजर होती, अमुक गुण मिळाले" एवढंच लिहू शकते, आणि वाचणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो. म्हणून आत्तापासून निदान दोन शिक्षकांना तुझं काम माहीत असू दे.

पुलरिक्वेस्ट

स्कीमच्या बाहेर कुठे मिळतात या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून मी लिहितो. थोडंफार कोडिंग येत असेल तर ओपन सोर्ससारखी (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) जागा नाही, कारण तिथे मेंटॉर मागावा लागत नाही, कामासोबतच येतो.

गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, आधी फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं, २०२२ पासून ती अट काढली, आता १८ पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवीन असलं तरी चालतं. प्रत्येक प्रोजेक्टला मेंटॉर ठरलेले असतात, स्टायपेंड मिळतो, आणि कोडिंग सुरू व्हायच्या आधी तीनचार आठवडे नुसती ओळख करून घ्यायला ठेवलेले असतात, मला तर तीच कल्पना सगळ्यात आवडली. आर भाषेचा प्रोजेक्ट त्यात बऱ्याच वर्षी असतो, तुझ्यासाठी बरोबर आहे. संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत लागते आणि प्रपोजल मार्च-एप्रिलमध्ये. बरेच जण मार्चमध्ये जागे होतात आणि चारशे जणांसोबत एकाच चॅनलवर "हाय आय अॅम इंटरेस्टेड" टाकतात. तू आत्ताच जा, एखादा छोटा बग उचल, डॉक्युमेंटेशनमधली चूक दुरुस्त केली तरी चालतं. तुझ्या कोडवर अनोळखी माणूस बसून ओळ न ओळ कॉमेंट करतो ना, तेवढं लक्ष मला कॉलेजमध्ये चार वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

दुसरं आउटरीची. ग्नोम नावाच्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या लोकांनी २००६ मध्ये मुलींसाठी सुरू केलं होतं, आता ज्यांना ज्यांना टेकमध्ये भेदभाव किंवा कमी प्रतिनिधित्व वाट्याला आलंय अशा सगळ्यांसाठी आहे. वर्षातून दोन बॅच, तीन महिन्यांची रिमोट इंटर्नशिप, पैसे मिळतात, मेंटॉर मिळतो. त्यात आधी निबंधासारखे प्रश्न असतात, मग काही आठवडे प्रोजेक्टमध्ये खरं काम करून दाखवायचं आणि त्यावरून निवड. घरातली पहिली कॉलेजला जाणारी आहेस हे तिथे लपवू नको. लिनक्स फाउंडेशनचीपण एलएफएक्स मेंटॉरशिप आहे, साधारण याच धर्तीवर.

माझी स्वतःची निवड दोनदा झाली नाही बरं का. पण दुसऱ्या वेळचा मेंटॉर अजून संपर्कात आहे, गेल्या वर्षी त्यानंच एका जॉबसाठी नाव सुचवलं.

तळटीप

वा, म्हणजे कोडिंग येणाऱ्यांची सोय झाली. 🙂 आम्ही समाजशास्त्र-इतिहासवाले काय करायचं? बग कुठून आणू?

टोमणा बाजूला. आमच्याकडे बिनओळखीच्या मोठ्या नावापेक्षा एकदोन वर्षं पुढे असलेले सीनियर जास्त कामाला आले. एमएच्या मुलीनं मला तिच्या रिसर्च प्रपोजलचे पाच ड्राफ्ट दाखवले, पहिला अगदी भंगार होता आणि पाचवा मंजूर झाला. ते बघून जे शिकले ते कुठल्या लेक्चरमध्ये नसतं. प्राध्यापक आपल्याला तयार लेख दाखवतात, खोडलेलं कुणी दाखवत नाही. दुसरं म्हणजे लायब्ररीतले विषयाचे ग्रंथपाल, यांना मेंटॉर कुणी म्हणत नाही पण कुठल्या विषयावर कोण काम करतंय हे त्यांना सगळ्यांआधी माहीत असतं. आणि विकिपीडियावर नवीन संपादन सुरू केलं की बऱ्याच भाषांत होमपेजवर एक अनुभवी संपादक मेंटॉर म्हणून नेमून देतात, प्रश्न विचारायचं बटणच असतं. संदर्भ कसे द्यायचे हे मी तिथे शिव्या खात, म्हणजे प्रेमळ शिव्या, शिकले.

काठावरपास, एक अजून. तुला त्या मॅडम "फारशा ओळखीच्या नाहीत" म्हणून संकोच होतोय ना? मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचा समाजशास्त्रज्ञ आहे, त्याचा १९७३ चा प्रसिद्ध पेपर आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं की ज्यानं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारा असं फक्त १६.७ टक्के लोक म्हणाले, ५५.६ टक्के अधूनमधून, २७.८ टक्के क्वचित. कारण सोपं आहे, जवळच्या माणसाला जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं, लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळातली बातमी आणतो. तेव्हा अर्धवट ओळख हीच तुझी जमेची बाजू समज.

स्पष्टबोलतो

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून मी कडू लिहितो. मेंटॉरच्या नावाखाली धंदा जोरात आहे सध्या. "तीन महिने मेंटॉरशिप, इंटर्नशिप गॅरंटीड", आधी पैसे भरा. गॅरंटी देतो म्हणणारा माणूस दिसला की टॅब बंद करा. फुकटात वेळ देणारे लोक आहेत, एडीपीलिस्ट नावाच्या मेंटॉरशिपच्या साइटवर २०२० पासून डिझाइनवाले आणि आता इतरही लोक अर्ध्या तासाचे स्लॉट फुकट देतात, तिथे बघा आधी.

दुसरं, मेंटॉरचं काम तुम्ही फुकटात करताय असं झालं तर ती मेंटॉरशिप नाही. माझ्याकडून एकानं आठ महिने डेटा एंट्री करून घेतली, "शिकतोयस ना" म्हणून. पेपर आला त्यात माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं. सुरुवातीलाच विचारायचं, यात माझा वाटा काय, नाव कुठे येणार, आठवड्याला किती तास. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे थांबायचं नाही. आणि रात्री उशिरा मेसेज, एकटीला बाहेर भेटायला बोलावणं, असलं काही झालं तर सरळ स्कीम चालवणाऱ्यांना सांगायचं, जोडी बदलून मागायची. लाजायचं त्यांनी, आपण नाही.

खडूफळा

स्पष्टबोलतो यांच्याशी पूर्ण सहमत, फक्त एक जोड. थोडं कंटाळवाणं काम सगळ्यांच्याच वाट्याला येतं, डेटा साफ करणं हे संशोधनाचं निम्मं आयुष्य आहे. प्रश्न असा विचारा की हे करताना मला पुढची पायरी दिसतेय का. आठ महिन्यांत एकदाही "याचं पुढे काय होतं" हे कुणी दाखवलं नाही तर मग ते वापरून घेणंच.

काठावरपास

बापरे एवढं सगळं. थँक्यू, खरंच. दोनदा वाचलं.

तळटीप ताई, तो १६.७ टक्केवाला आकडा बघून राहवेना म्हणून शोधलं, ओळखीतून नोकरी मिळालेले फक्त ५४ जण होते! म्हणजे नेहमी भेटणारेवाले ९ जण. मी ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) काढला तर साधारण ९ ते २९ टक्के येतोय, केवढा रुंद आहे. तरी अर्ध्याच्या बराच खाली आहे म्हणजे मुद्दा टिकतो म्हणा. पण ते लोक एकाच भागातले आणि सगळे व्यावसायिक, तांत्रिक किंवा मॅनेजरच्या कामांतले, तर बाकीच्यांना लागू होईल का? नुसतं मनात आलं म्हणून. विषयांतर झालं, सॉरी.

तळटीप

सॉरी काय! अगं मी हा पेपर चार वर्षं सगळ्यांना सांगत फिरतेय आणि मी एकदाही ५४ हा आकडा पाहिला नव्हता.

लॅबमधला_उंदीर

काठावरपास, वर जाऊन तुझाच मेसेज परत वाच. कुणीतरी काहीतरी सांगितलं, तू मूळ शोधलंस, स्वतः हिशोब केलास, काय टिकतं आणि काय नाही ते वेगळं केलंस आणि एक प्रश्न विचारलास. सकाळी म्हणत होतीस बिनधास्त कसं व्हायचं. मॅडमना हेच पाठवायचंय फक्त विषय त्यांचा घे. तो २२८ ओळींचा डेटा उघडलास का?

काठावरपास

उघडला. दोन दिवस गेले त्यात. कॅप्लन-मायरचा कर्व्ह (किती काळानंतर किती टक्के पेशंट जिवंत आहेत त्याचा आलेख) काढला, आला पण. मग एका गोष्टीवर अडकले आणि खरंच अडकले. मेल लिहिलाय, पाठवायच्या आधी इथे टाकते, बघा जरा:

"नमस्कार मॅडम, आशा आहे आपण मजेत असाल. एवढे दिवस मेल केला नाही याबद्दल मनापासून क्षमस्व, परीक्षा आणि इतर गडबडीत राहून गेलं, आणि आपला वेळ वाया जाईल अशीही भीती वाटत होती. आपण सांगितल्याप्रमाणे मी आर शिकायला घेतलं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या डेटावर कॅप्लन-मायर कर्व्ह काढला, सोबत जोडलाय. त्यात मधेच निघून गेलेल्या पेशंटांना सेन्सॉर्ड, म्हणजे तिथून पुढचं माहीत नाही असं, धरतात आणि असं गृहीत असतं की त्यांच्या जाण्याचा आजाराशी संबंध नाही. पण खऱ्या ट्रायलमध्ये एखाद्याला औषध सोसलं नाही म्हणून तो सोडून गेला तर? मग कर्व्ह खऱ्यापेक्षा चांगला दिसेल ना? तुमच्याकडे हे कसं हाताळतात? आपल्याला सवड असेल तेव्हा वीस मिनिटं बोलता येईल का. आपली नम्र..."

खडूफळा

प्रश्न फार चांगला आहे. पहिली दोन वाक्यं काढ आणि "आपण सांगितल्याप्रमाणे" पासून सुरू कर. क्षमा मागण्यात अर्धा मेल गेला की वाचणाऱ्याला वाटतं आता हिची समजूत काढायला हवी. "सवड असेल तेव्हा" च्या जागी दोन दिवस सुचव, त्यांना कॅलेंडर उघडून हो-नाही म्हणणं सोपं जातं.

पुलरिक्वेस्ट

कोडपण जोड, दहा ओळी असले तरी. चित्र बघून फक्त छान म्हणता येतं, कोड दिसला की हात शिवशिवतात लोकांचे.

स्पष्टबोलतो

"आपली नम्र" काढ. नुसतं नाव लिही.

काठावरपास

नम्र काढलं, क्षमा काढली, कोड जोडला, मंगळवार किंवा गुरुवार लिहिलं. पाठवला आत्ताच!! आता इनबॉक्स रिफ्रेश करत बसलेय. उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी परत टाकायचा?

खडूफळा

दहा दिवस. त्याच मेलखाली दोन ओळी, त्याच प्रेमानं. आणि रिफ्रेश बंद कर, उद्या तुमच्या कुठल्या सरांचे भेटीचे तास आहेत ते बघ. एकटेच बसलेले असतील.